संगीतसूर्य केशवराव भोसले : अल्प आयुष्य, दीर्घ परंपरा

विसाव्या शतकाची पहिली दोन दशके ही मराठी संगीत रंगभूमीची वैभवाची वर्षे होत. त्या काळी नाटकमंडळीच्या मालकावर नाटकाची निवड, नटांची तालीम, पदांच्या चाली, पडदे आणि हिशेब या साऱ्यांचा भार असे. हा भार समर्थपणे वाहणाऱ्यांत केशवराव विठ्ठल भोसले यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

9 ऑगस्ट 1890 रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. घरच्या गरिबीमुळे बालवयातच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ या नाटकातील शारदेच्या भूमिकेने त्यांना कीर्ती मिळवून दिली. 1 जानेवारी 1908 रोजी त्यांनी हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ मंडळीची स्थापना केली. त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते.

रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या थोर गवयाची तालीम त्यांना लाभली. परंतु केवळ गाण्यावर नाटक तरून जावे, हे त्यांना मान्य नव्हते. रंगमंचाच्या सजावटीकडे त्यांचे बारीक लक्ष असे. मराठी रंगभूमीवर मखमली पडदा आणण्याचा मानही त्यांनाच दिला जातो. मामा वरेरकर या नव्या दमाच्या लेखकाचे, हुंड्याच्या रूढीवर प्रहार करणारे ‘हाच मुलाचा बाप’ हे नाटक त्यांच्या मंडळीने 1916 मध्ये रंगभूमीवर आणले. पौराणिक कथानकांची सवय झालेल्या प्रेक्षकांसमोर घरोघरचा प्रश्न मांडणे, हे व्यवसायाच्या दृष्टीने धाडसच होते.

त्यांच्या मनाचा मोठेपणा 1921 साली दिसून आला. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी ही त्यांची तुल्यबळ प्रतिस्पर्धी. तरीही टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ 8 जुलै 1921 रोजी मुंबईत दोन्ही मंडळ्यांनी मिळून खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. केशवराव धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी. या एका प्रयोगाचे उत्पन्न सोळा हजार रुपयांवर गेले. त्या काळी नांदेड-लातूरचा आपला प्रदेश निजामी राजवटीखाली होता आणि राष्ट्रकार्यात उघडपणे भाग घेणे येथे सोपे नव्हते. त्यामुळे त्या रात्रीचे मोल मराठवाड्यातील वाचकास अधिकच जाणवेल.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले. वय अवघे एकतीस! कर्ता पुरुष गेला की मंडळी मोडते, हाच तेव्हाचा सार्वत्रिक अनुभव होता. येथे मात्र तसे घडले नाही. बापूराव पेंढारकर यांनी धुरा खांद्यावर घेतली आणि 1922 मध्ये वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ सादर केले. पुढे भालचंद्र पेंढारकर यांनी ही परंपरा चालविली. 2008 मध्ये संस्थेच्या स्थापनेस शंभर वर्षे पूर्ण झाली.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेल्या नाट्यगृहास केशवरावांचे नाव देण्यात आले. 8 ऑगस्ट 2024 रोजी, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, ते आगीत जळाले आणि सारा महाराष्ट्र हळहळला. त्याच्या पुनर्बांधणीचा निर्धारही तत्काळ जाहीर झाला.

वास्तू जळते, माणूस काळाच्या पडद्याआड जातो. परंतु संस्थापकाने सहकाऱ्यांना आपल्याइतकेच तयार केलेले असेल, तर संस्था टिकते. एकतीस वर्षांच्या आयुष्यात केशवरावांनी हेच साधले. सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी त्यांचे स्मरण म्हणूनच उचित ठरावे.