बुडालेल्या बाजारानंतरची उमेद : एम्प्रेस मिलची गोष्ट

बाजार घसरला की आपण सगळेच विचारतो, आता पैसा गुंतवायचा तो कशाच्या भरवशावर? या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आपल्या नागपुरातच, जुम्मा तलावाच्या परिसरात सापडतं.

त्याआधी थोडी मुंबई पाहू. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा नव्या बँकांच्या, बॅकबेच्या भरणीच्या शेअरांत ओतला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस उतरला. १ जुलैला वायदे पुरे करायची वेळ आली आणि पेढ्यामागून पेढ्या बसल्या. टाटांची पेढीही त्यात चांगलीच पोळली.

त्याच घरातल्या जमशेटजींनी नऊ वर्षांनी, १८७४ मध्ये, कापडगिरणीसाठी १५ लाखांच्या भांडवलाची कंपनी काढली. तीही मुंबई सोडून नागपुरात! जागा दलदलीची. एका स्थानिक सावकाराने, हा माणूस खड्ड्यात सोनं पुरतोय म्हणून पैसे नाकारले, असं सांगतात.

मग जमशेटजींची उमेद कशावर होती? वर्धा-हिंगणघाटचा कापूस जवळ, १८६७ पासून मुंबईची रेल्वे दारात, वरोऱ्याचा कोळसा हाताशी आणि कापड विकत घेणारा मुलूख भोवताली. १८६५ च्या सट्टेबाजाकडे यातलं काय होतं? उद्या आपल्यापेक्षा महाग घेणारा कुणीतरी भेटेल, एवढीच आशा.

१ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. पहिली यंत्रं हलकी निघाली, ती बदलावी लागली. व्यवस्थापक बेझनजी मेहता तर रेल्वेतून आलेले, गिरणीचा अनुभव शून्य. पण चुका दुरुस्त होत गेल्या, नव्या रिंग चात्या आल्या, गिरणी नफ्यात आली. तो सावकारही पुढे म्हणाला म्हणे, टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं.

इथेच गोष्ट संपवली तर ती अर्धवट राहील. हीच गिरणी २००२ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या पिढ्यांचा आधार गेला. कापूस तिथेच होता, रेल्वेही होती; धंद्याचं गणित मात्र बदललं होतं. म्हणून आज शेअर घेताना आपण उमेद जरूर ठेवावी, पण तिची कारणं कागदावर लिहून काढावीत आणि दरवर्षी पुन्हा तपासावीत.