शस्त्रहस्तांतराचे मूल्य : अमेरिकी कायद्यातील एक स्थित्यंतर

हस्तांतर म्हणजे वस्तू एका हातातून दुसऱ्या हाती जाणे. अमेरिकेच्या शस्त्रविषयक कायद्यांत या दोन हातांमध्ये तिसरा हात कसा आला आणि त्याचे मोल कोण ठरवितो, हा प्रश्न विचारार्ह आहे.

१९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याने मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका इत्यादींच्या प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलर कर बसविला. टॉम्प्सन मशीनगनची किंमतही तेव्हा सुमारे तितकीच असल्याने हा कर वस्तुतः मज्जावच होता. साध्या बंदुका मात्र टपालाने मिळत. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येत वापरलेली रायफल अशीच मागविलेली होती. १९६८ च्या कायद्याने हा मार्ग बंद केला. भिन्न राज्यांतील व्यक्तींना परवानाधारक विक्रेत्याची मध्यस्थी अपरिहार्य झाली.

विक्रेत्याने परवान्यासाठी वर्षाला १० डॉलर भरावेत, हे त्या कायद्याने ठरविले; ग्राहकाकडून किती घ्यावे, हे ठरविले नाही. १९९८ पासून सुरू झालेली खरेदीदाराच्या पूर्ववृत्ताची संघीय तपासणी निःशुल्क आहे; तरी विक्रेता आपल्या श्रमाचे दाम स्वतःच ठरवितो. कॅलिफोर्नियाने खाजगी व्यवहारांपुरती त्यावर १० डॉलरची मर्यादा घातली आहे.

इकडे २०० डॉलरचा आकडा नव्वद वर्षे स्थिर राहिल्याने चलनवाढीने त्याची धार बोथट केली. २०२६ च्या आरंभापासून तर मशीनगन व विध्वंसक साधने वगळता हा कर शून्यावर आला. शासनाचा हिस्सा ओसरला, मध्यस्थाचा राहिला. सक्ती कायद्याची आणि किंमत बाजाराची, हेच या इतिहासाचे सार होय.