बीएस्सी बायोकेमिस्ट्री: कन्नौदच्या मुलामुलींसाठी
बायोकेमिस्ट्री म्हणजे जीवरसायनशास्त्र. प्रथिनं, एन्झाइम, डीएनए, पेशीतल्या रासायनिक क्रिया हा त्याचा अभ्यास. बारावीला साधारणपणे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतात. देवास जिल्ह्यातलं कन्नौद उज्जैनच्या सम्राट विक्रमादित्य विद्यापीठाच्या (पूर्वीचं विक्रम विद्यापीठ, स्थापना १९५७) कक्षेत येतं. जवळच्या कॉलेजात हा विषय नसला, तरी वाट बंद होत नाही. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करून पुढे एमएस्सीला बायोकेमिस्ट्रीकडे वळता येतं.

इंदूरला १९११ साली जन्मलेल्या कमला सोहोनी (माहेरच्या भागवत) तशाच वळल्या. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली, ती केमिस्ट्री-फिजिक्समध्ये. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं, हे त्यांनी दाखवलं.

मात्र एमएस्सीला कुठले विषय चालतात, हे बीएस्सीचे विषय निवडण्याआधीच विद्यापीठात विचारून घ्यावं.