हुंडी परत का येई? सावकारी गुपितांची कहाणी

१/ सालवड, बोईसर, तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात रात्रपाळी करणाऱ्या तंत्रज्ञांना एक प्रसंग चांगलाच परिचित असेल. स्क्रिप्ट सर्व्हरपुढे आपले गुपित सादर करते आणि उत्तर येते: ओळख पटली नाही. पहिला संशय गुपितावरच जातो. अठराव्या शतकात याच किनाऱ्याच्या उत्तरेस, सुरतेच्या पेढ्यांवर, हा प्रसंग कागदावर घडत असे. त्या कागदाचे नाव हुंडी.

२/ चांदी वाटेत लुटली की संपली. हुंडी लुटणाऱ्याच्या हाती मात्र नुसता कागद उरे, कारण कागद पाहून कोणताही मुनीम पैसे मोजत नसे. पुण्याचा सावकार सुरतेच्या पेढीवर हुंडी लिही, तेव्हाच दुसऱ्या वाटेने सूचनापत्र धाडी: अमुक रकमेची, अमुक मुदतीची हुंडी अमुकाच्या नावे केली आहे. दोन वाटांनी आलेले दोन कागद जुळले आणि हस्ताक्षर ओळखीचे निघाले, तरच हुंडी शिकारली जाई.

३/ रक्कम लिहिण्याची तऱ्हाही पाहण्याजोगी आहे. ती अंकी असे, अक्षरी असे, आणि शिवाय निम्म्याने सांगितलेली असे: हजाराच्या हुंडीत ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट’. एक शून्य वाढवू पाहणाऱ्याला तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागे.

४/ तरीही हुंडी अडे. अशा वेळी ‘खोटी आहे’ हा निष्कर्ष जाणता मुनीम शेवटी काढी. सूचनापत्र पोहोचले आहे का? नसेल, तर दोष हुंडीचा नव्हे, कासिदाचा, थांबावे. आणणारा कोण? शाहजोग हुंडीचे पैसे प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्याच हाती द्यायचे असत. अनोळखी माणूस अस्सल हुंडी घेऊन आला तरी त्याला रिक्त हस्ते परतावे लागे. आणि वाचण्यातच चूक झाली असेल तर? महाजनी लिपीत काना-मात्रा बहुधा गाळलेल्या असत. त्यावरचा जुना विनोद प्रसिद्ध आहे: शेटजी ‘अजमेर गये’ असे कळवले, घरच्यांनी ‘आज मर गये’ असे वाचले आणि रडारड सुरू झाली.

५/ हुंडी हरवली तर? लिहिणारा दुसरी प्रत देई, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपेठ. तीही गेली तर मेजर, म्हणजे पंच-महाजनांनी दिलेले पत्र. प्रत्येक प्रतीत आधीच्या प्रतींचा उल्लेख असे आणि आधीची चुकती झाली असेल तर पुढची रद्द ठरे. पैसे दिलेल्या हुंडीला खोखा म्हणत. ती पेढीच्या दप्तरी राही. एकाच गुपितावर दोनदा पैसे उचलता येऊ नयेत म्हणून केलेली ही तजवीज माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत बुद्धिमान भाग आहे.

६/ पण सारे काही बिनचूक असूनही जोडणी न होण्याचा एक प्रकार उरतोच: पेढीपर्यंत वाटच नसणे. नोव्हेंबर १७६० पासून सदाशिवराव भाऊंची फौज पानिपतावर अडकली. त्याआधी दिल्लीत दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्यांनी नाणी पाडली होती. तीही संपत आली. छावणीत हुंडी कितीही अस्सल असो, ती शिकारणारा सावकार शत्रूच्या पलीकडे होता. म्हणून दिल्लीहून रोकडच स्वारांबरोबर पाठवावी लागली. जानेवारी १७६१ च्या आरंभी अशी एक तुकडी अंधारात वाट चुकून अब्दालीच्या गोटात शिरली. मराठी बोलण्यावरून ती ओळखली गेली आणि कापली गेली.

७/ १४ जानेवारीला रण संपले. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे कूच करत होते. माळव्यात त्यांच्या हाती एका सावकाराचे पत्र लागले. त्यात एकाही माणसाचे नाव नव्हते. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या नुकसानीचा हिशेब होता. गळालेली मोत्ये दोन होती. एक भाऊ, दुसरा आपला थोरला मुलगा विश्वासराव, हे उमगायला पेशव्यांना कोणा मुनिमाची गरज पडली नाही.