धंद्यातील चढाओढ : दोन वाटा



कामगार संघटनेचा माणूस मेढ्यासारख्या गावी येऊन कारखानदारांच्या डावपेचांवर बोलणार, याचे काहींना नवल वाटले असेल. पण ज्याच्याशी जन्मभर वाटाघाटी करायच्या, त्याची हिशेबाची वही आपल्याला वाचता आली पाहिजे. शाळेत आम्ही फार शिकलो नाही. ही वही वाचायला मात्र आम्ही चिकाटीने शिकलो. एक दुकान पुढे जाते आणि शेजारचे बुडते, ते का, हा प्रश्न मालकाइतकाच मजुराच्याही पोटाचा आहे.

उदाहरणासाठी विलायतेला जायचे कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर केला. नांगर तयार झाला, पण घेईना कोणी. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात.

या हकिकतीत शेतकऱ्याच्या अडाणीपणाला हसण्याची चाल आहे. आम्हाला ती मान्य नाही. किर्लोस्करांचा खरा प्रतिस्पर्धी कोण होता? विलायती नांगरवाला तर होताच, पण त्याच्याही आधी गावचा सुतार होता. लाकडी नांगर मोडला तर सुतार त्याच दिवशी नीट करून देई आणि रोख पैसा न मागता सुगीला बलुते नेई. लोखंडी नांगर पेरणीच्या तोंडावर मोडला तर शेतकऱ्याने जायचे कुठे? फाळ हा झिजणारच. झिजलेल्या फाळाच्या जागी तंतोतंत बसेल असा दुसरा फाळ वेळेवर मिळाला नाही, तर तो महाग नांगर म्हणजे परड्यातले भंगार. शेतकऱ्याची शंका लोखंडाच्या विषाविषयी जितकी होती, तितकीच या अडचणीविषयीही असली पाहिजे, असे आमचे मत आहे.

तेव्हा सुताराला मागे टाकायचे तर एकच उपाय होता. नांगर खोल चालला पाहिजे, हरळी उपटून निघाली पाहिजे, आणि सुटे भाग सुताराइतकेच हाताशी असले पाहिजेत. नुसत्या स्वस्ताईने हे साधणारे नव्हते, कारण बलुत्यापेक्षा स्वस्त काय असणार? फाळाला फाळ जुळायचा तर ओतकाम एकसारखे हवे, आणि एकसारखे ओतकाम करायचे तर सवयीचा, टिकून राहणारा कारागीर हवा.

बेळगावच्या नगरपालिकेने जागा खाली करायला लावली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये कर्ज त्यांनी दिले. 1910 मध्ये त्या निवडुंगाच्या रानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. कामगारांना राहायला घरे झाली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी कामावर घेतले, राखणीला ठेवले. याला कोणी दयाबुद्धी म्हणेल, आम्ही तिला नाकारत नाही. पण त्या ओसाड माळावर शिकलेला मोल्डर सोडून गेला असता तर फाळाला फाळ जुळला नसता, हेही तितकेच खरे. दयाबुद्धी आणि धंद्याची बुद्धी एकाच वाटेने चालताना क्वचित दिसतात. तिथे त्या दिसल्या.

1914 च्या महायुद्धात विलायती माल येईनासा झाला आणि देशी नांगराला मोकळे रान मिळाले. मोकळे रान मिळाले की बरेच धंदेवाले आळसावतात. हे आळसावले नाहीत. 1920 साली धंद्याची मर्यादित कंपनी झाली, आणि त्याच साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. पुढे मराठी घरोघर पोचलेल्या ‘किर्लोस्कर’ मासिकाचा जन्म असा कारखान्याच्या खबरपत्रातून झाला. गिऱ्हाइकाशी बोलत राहायचे, हीही एक चाल होती.

त्यांना सुखाने झोपू न देणारा शेजारीही लवकरच भेटला. 1922 मध्ये धनजीशा कूपर यांनी आपल्या साताऱ्यात कारखाना काढला आणि नांगर बाजारात आणले. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री होते. पुढे मंदी आली, धान्याचे भाव कोसळले, नांगर पडून राहू लागले. तेव्हा किर्लोस्कर पाण्याचे पंप, लोखंडी सामान, लेथ यांकडे वळले, आणि कूपर डिझेल इंजिनाकडे. ज्यांच्याकडे हुन्नर होता त्यांना दुसरा माल करता आला.

आता मेढेकर विचारतील, हे सारे रेल्वेच्या काठी झाले, आमच्या जावळीत काय? आमच्या वेण्णाकाठाला रेल्वे नव्हती. इथून बाहेर गेला तो माल म्हणजे माणूस. तो मुंबईच्या गिरण्यांत गेला, गोदीत गेला, मशीद बंदरला पाठीवर पोती घेऊन उभा राहिला. तिथे त्याला चढाओढीची दुसरी वाट दिसली.

1920 नंतर मुंबईच्या गिरण्यांना जपानी कापडाने बेजार केले. तेव्हा अनेक मालकांनी कोणता मार्ग काढला? विणकाराला दोन मागांऐवजी तीन माग द्या, माणसे कमी करा, दर उतरवा. 1928 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या, त्या याच कारणाने. संयुक्त संप समितीत नारायण मल्हार जोशी आणि डांगे यांच्यासारखी निरनिराळ्या मतांची माणसे एकत्र बसली, यावरून घाव किती खोल होता ते कळावे. जिथे फाळ सुधारायचा तिथे मालकाने मजुराची पाठ वाकवली.

ही दुसरी वाट सोपी आहे, हाच तिचा धोका. एका व्यापाऱ्याने हमाली कमी दिली की शेजारच्यालाही द्यावी लागते, मग तो मनाने कितीही भला असो. म्हणून एकेका मालकाची मनधरणी करून भागत नाही. अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना एकत्र केले, आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला, त्यातले मर्म हेच आहे. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची, वर भविष्य निर्वाह निधी, उपदान, सुट्टी यांसाठी लेव्ही भरायची, आणि मंडळाने ती मजुराला पोचवायची. दर सगळ्यांना सारखा. मजुरीत काटछाट करून शेजाऱ्यावर मात करण्याची वाट तिथे बंद झाली. राहिली ती माल चांगला ठेवण्याची, वेळ पाळण्याची, गिऱ्हाईक सांभाळण्याची. कायद्याने धंदा बुडेल असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. घाऊक बाजार पुढे नवी मुंबईत गेले, मोठे झाले, आणि त्या बाजारांच्या आधारावर साताऱ्याकडच्या कितीतरी गावांत पक्की घरे उभी राहिली.

आज मात्र मुंबईभोवती नवी गोदामे उभी राहिली आहेत. तिथे मंडळाची नोंदणी चुकवून ठेकेदाराकरवी माणसे लावली जातात, आणि घरपोच माल लवकर नि स्वस्त पोचतो याची जाहिरात होते. स्वस्त कशामुळे, ते जाहिरातीत नसते. त्या गोदामांतही जावळीची पोरे आहेत. गणपतीला ती गावी येतील, तेव्हा त्यांच्या मजुरीची चिठ्ठी मागून बघा. चिठ्ठीच मिळत नसेल, तर तेही विचारून ठेवा.