चित्राखालची ओळ

अलीकडे घर सजविताना पत्र्यावर छापलेली चित्रे भिंतीवर लावण्याची आवड वाढली आहे. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लेप दिलेला असतो. उष्णतेने रंगाची वाफ होते, ती त्या लेपात मुरते, आणि चित्र काचेवाचूनही चकाकत राहते. अशा चित्रांत एक विषय पुष्कळदा आढळतो, तो म्हणजे अठराव्या शतकातील बलून. निळ्या रंगाचा, सोनेरी नक्षीचा प्रचंड गोल आणि त्याखालच्या सज्जात उभे असलेले दोन गृहस्थ. कोणत्याही बैठकीला शोभावे असे हे चित्र आहे. परंतु ते इतिहासाचे चित्र आहे, आणि म्हणून ते कोणी केले व त्यात काय राहून गेले, हे विचारणे अगत्याचे ठरते.

मूळ चित्रेही धातूच्याच आधाराने निघाली होती. मात्र तेथे धातू हे चित्र नव्हते, साधन होते. कारागीर तांब्याच्या पत्र्यावर पोलादी लेखणीने उलटे चित्र कोरी. कोरलेल्या रेषांत शाई भरून वरचा पत्रा पुसून घेत, त्यावर ओलसर कागद ठेवीत आणि दोन रुळांमधून दाबून काढीत. रेषांतील शाई कागदावर उठे, आणि चित्र सुलटे होई. पुष्कळ चित्रांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असे. तिच्यात डावीकडे रेखाटणाऱ्याचे नाव, उजवीकडे कोरणाऱ्याचे, आणि कोठे कोठे विक्रेत्याचा पत्ताही असे.

आता प्रसंगाकडे वळू. ४ जून १७८३ रोजी फ्रान्समधील आनोने गावी माँगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा बलून जाहीरपणे उडविला. हे बंधू कागदाचे कारखानदार होते. पुढील प्रयोगासाठी धाकटे बंधू एत्येन पॅरिसला आले, तेव्हा त्यांना साह्य केले ते रेव्हेयाँ नावाच्या गृहस्थांनी. रेव्हेयाँ यांचा धंदा भिंतींना लावावयाचे नक्षीदार कागद तयार करण्याचा! त्यांच्याच आवारात बलून शिवले गेले, रंगविले गेले. १९ सप्टेंबर १७८३ रोजी व्हर्सायला राजासमोर एक मेंढी, एक बदक व एक कोंबडा यांना घेऊन बलून आकाशात गेले. २१ नोव्हेंबर रोजी पिलात्र द रोझिए आणि मार्क्विस दार्लांद यांनी पॅरिसवरून सुमारे २५ मिनिटे मुक्त प्रवास केला. त्या बलूनवरील राशिचक्र, सूर्यमुखे आणि राजाची मुद्राक्षरे आपण चित्रांत पाहतो. म्हणजे आज भिंतीची शोभा झालेले हे बलून मुळातच भिंतीची शोभा करणाऱ्या कारखान्यातून निघाले होते.

पण कथा येथे संपत नाही. साडेपाच वर्षांनी, एप्रिल १७८९ मध्ये, मजुरीविषयी रेव्हेयाँ यांनी काढलेल्या उद्गारांची वार्ता पॅरिसच्या पूर्व भागात पसरली. पाव महाग झालेला, लोक भुकेलेले. २८ एप्रिल रोजी जमावाने त्यांचे घर व कारखाना लुटला. सैन्याने गोळीबार केला, आणि पुष्कळ माणसे मारली गेली. बास्तीय पडण्याला तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते. बलूनच्या चित्रात राजाची मुद्रा आहे आणि सज्जातील सरदार आहे. ज्या हातांनी ती सोनेरी नक्षी रंगविली, ते हात मात्र त्यात नाहीत.

हे सर्व आपल्यापासून फार दूरचे, असे कोणी म्हणेल. मी हे ज्या वस्तीतून बोलतो आहे, तिचे नाव कंपू. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील ही जुनी वस्ती. आज मराठीत 'कंपू' म्हटले की चार जणांचे टोळके डोळ्यांपुढे येते. शिंद्यांच्या फौजेत मात्र कंपू म्हणजे कवायती पलटणींची तुकडी. या शब्दाचे नाते पोर्तुगीज 'कांपो'शी सांगतात. महादजी शिंद्यांसाठी असे कंपू उभारले ते डी बॉयन या सेनानीने. १७८४ साली तो त्यांच्या चाकरीत आला. हा सव्हॉय प्रांतातील शाँबेरीचा राहणारा. त्याच वर्षी मे महिन्यात, शाँबेरीच्या ब्यूइसाँ-राँ या आवारातून झाव्हिए द मेस्त्र हा तरुण बलूनमधून आकाशात गेला. पुढे हिंदुस्थानातून धन घेऊन परतलेल्या डी बॉयनने तीच वास्तू विकत घेतली, आणि १८३० साली तेथेच त्याचा अंत झाला. त्याचा लखनौचा स्नेही क्लॉद मार्तँ याने तर १७८५ सालीच लखनौत गरम हवेची बलूने उडविली. बलूनचा काळ आणि कंपूचा काळ एकच आहे. शाँबेरीला डी बॉयनचे स्मारक आहे, पण त्याच्या पलटणींत लढलेल्या शिपायांची नावे कोणाच्या ओठांवर नाहीत. एका वस्तीच्या नावात त्यांची तेवढी खूण राहिली आहे.

चित्राखालच्या ओळीचे मोल अशासाठी आहे. आपल्याकडेही पुण्याची चित्रशाळा १८७८ साली निघाली, रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघून पुढे मळवलीला गेला. त्यांची चित्रे मराठी घरांत पोहोचली. तळाशी छापलेल्या छापखान्याच्या नावावरून आज जाणकार त्या चित्रांचा काळ ठरवितात. परंतु जुनी चित्रे पत्र्यावर नव्याने छापताना कडा सारख्या याव्यात म्हणून खालची पट्टी पुष्कळदा कापली जाते. चित्र सुबक होते, आणि कोरणाऱ्याचे नाव जाते. ज्या एका श्रमिकाला त्या चित्रात जागा मिळाली होती, तोही मग बाहेर पडतो.

म्हणून घर खुशाल सजवावे. बलूनचे चित्र घ्यावेच, कारण माणसाच्या धैर्याचे आणि बुद्धीचे ते चित्र आहे. मात्र निवड करताना खालची ओळ शाबूत असलेले चित्र मागावे. ती नसेल, तर वर्ष, गाव आणि रेखाटणाऱ्या-कोरणाऱ्यांची नावे शोधून एका चिठ्ठीवर लिहावी व चित्राखाली लावावी. घरातले मूल एक दिवस ती चिठ्ठी वाचील आणि विचारील, "हे कोण?" त्या प्रश्नाचे उत्तर देता यावे, एवढी तयारी आपण ठेवली पाहिजे.