तळटीप 12 : ‘फर्दापूरचा नियम’

12. फर्दापूरचा नियम : फर्दापूर हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यातले, संभाजीनगर–जळगाव रस्त्यावरचे गाव. अजिंठ्याची लेणी येथून हाकेच्या अंतरावर. पण पर्यटकाला आपली गाडी, मग ती स्कूटर का असेना, वाहनतळावर लावून पुढचे सुमारे 4 किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. गाड्यांच्या धुराने भित्तिचित्रांना अपाय होऊ नये, हा त्यामागचा हेतू. फ्लॉरेन्समध्ये भाड्याची स्कूटर घेताना लेखिका या नियमाचा उल्लेख करते, कारण इटलीतील अनेक जुन्या शहरांच्या गाभ्यात ‘झेडटीएल’, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. तिथे अडवायला कोणी उभे नसते. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दंडाची नोटीस भाडे-कंपनीमार्फत काही महिन्यांनी घरी येऊन थडकते. कंपनी आपला वेगळा आकार लावते तो वरचाच. दुचाकींना काही शहरांत सूट आहे, पण ती गृहीत धरू नये. आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना 1949च्या जिनिव्हा करारान्वये असतो, वर्षभर चालतो आणि मूळ परवाना सोबत असेल तरच त्याला अर्थ असतो. इटलीत 125 सीसीहून मोठ्या स्कूटरला मोटारीचा परवाना पुरत नाही. – संपा.